थकलेले भाडे, अडलेला ताबा आणि वकिलाचा प्रश्न: पुण्यातील एका लिव्ह अँड लायसन्स प्रकरणाचा अभ्यास

भाडे थकवणाऱ्याला घराबाहेर काढण्यासाठी वकील नेमावा की नाही, हा प्रश्न घरमालक बहुधा खर्चाच्या अंगाने विचारतात. थकबाकी पन्नास हजारांची आणि वकिलाची फी चाळीस हजारांची, मग हाती काय राहणार, असा तो हिशेब असतो. पुढील प्रकरणात हाच हिशेब आरंभी मांडला गेला होता. तो चुकीच्या जागी मांडला गेला होता असे माझे मत आहे आणि ते का, हे घटनाक्रमातून दिसावे. संबंधितांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

पार्श्वभूमी

घराच्या मालकीण पुण्यातील सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिका आहेत. पतीच्या निधनानंतर त्या आपल्या जुन्या, लहान घरात राहू लागल्या आणि शहराच्या पश्चिम भागातील टू बीएचके सदनिका त्यांनी एका कुटुंबाला दिली. करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहण्याचा परवाना देणारा, अकरा महिन्यांचा, १ ऑगस्ट ते ३० जून असा होता. एजंटने तो ऑनलाइन नोंदवून दिला होता. मासिक शुल्क १८,००० रुपये आणि अनामत ६०,००० रुपये ठरली. बाईंच्या घरखर्चाचा जवळजवळ निम्मा भाग या शुल्कातून भागत असे. मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरूला असल्यामुळे प्रत्यक्ष व्यवहार त्याच पाहत होत्या.

करार नोंदवलेला होता, ही या प्रकरणातील सर्वांत मोठी जमेची बाजू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. ती पार पाडली नाही तर कराराच्या अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला शिक्षाही होऊ शकते. एकूण रकमेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी वाचवण्यासाठी साध्या मुद्रांकपत्रावर नोटरी करून घेणारे मालक आजही भेटतात. बाईंनी तसे केले नव्हते आणि पुढचे सगळे यश त्या एका कागदावर उभे राहिले.

अडचण

पहिले सहा महिने शुल्क वेळेवर आले. फेब्रुवारीत निम्मे आले. मार्चमध्ये काहीच आले नाही. परवानाधारक, म्हणजे या करारावर घरात राहणारा कुटुंबप्रमुख, एका लहान कंपनीत कामाला होता आणि त्याची नोकरी गेली होती. "काकू, पुढच्या महिन्यात सगळं एकदम देतो," हे तो फोनवर प्रत्येक वेळी सांगत असे आणि बाईंना ते खरे वाटत असे. त्याची मुलगी पुढच्या वर्षी दहावीला जाणार होती. ज्यांनी आयुष्यभर दहावीचे वर्ग घेतले त्यांना त्या घरावर कठोर होणे जड जाणे स्वाभाविक होते.

एप्रिलअखेर थकबाकी ४५,००० रुपयांवर गेली. अनामत हाती असल्यामुळे ती अजून बुडीत नव्हती; पण जूनअखेरपर्यंत काहीच आले नाही तर ती ८१,००० होणार होती आणि अनामत वळती करूनही २१,००० रुपये अंगावर येणार होते. त्याच सुमारास परवानाधारकाने एजंटमार्फत प्रस्ताव पाठवला: २०,००० रुपये लगेच देतो, नवा अकरा महिन्यांचा करार आत्ताच करून घ्या, शुल्क दहा टक्क्यांनी वाढवा आणि उरलेली थकबाकी हप्त्यांत घ्या.

समोरचे पर्याय

घरात आणि नात्यात मिळून पाच मार्ग सुचवले गेले.

पुतण्याचे म्हणणे होते की कुटुंब गावी गेले की कुलूप बदलावे, नाहीतर पाणी बंद करावे. भाडेकरूचे पाणी, वीज, जिन्यातील दिवे किंवा स्वच्छतेची सोय पुरेशा कारणाशिवाय तोडणे याच अधिनियमाच्या कलम २९ नुसार गुन्हा आहे. ते कलम शब्दशः भाडेकरूविषयी बोलते, परवानाधारकाविषयी नाही, असा युक्तिवाद एखादा हुशार माणूस करू शकेल. पण त्याच्या भरवशावर राहणे धोक्याचे आहे, कारण कायद्याची वाट सोडून मालकाने बळाने ताबा घेणे न्यायालये मान्य करीत नाहीत. एक मनाई हुकमाचा दावा किंवा एक फौजदारी तक्रार झाली की फिर्यादी असलेली मालकीण आरोपीच्या जागी उभी राहते. बाईंनी हा मार्ग ऐकताक्षणी नाकारला. ते त्यांनी कायदा माहीत असल्यामुळे नव्हे, तर घरात शाळकरी मुलगी होती म्हणून केले.

दुसरा मार्ग पोलीस ठाण्याचा होता. तिथे तक्रार अर्ज घेतला गेला आणि बाब दिवाणी स्वरूपाची आहे असे सांगण्यात आले. ते बरोबरच होते.

तिसरा मार्ग म्हणजे एजंटने आणलेला नवा करार. मुलगा त्याला अनुकूल होता. वीस हजार रोख, वाढीव शुल्क आणि वाद टळणार, असे त्याचे दिसायला सरळ गणित होते. चौथा मार्ग जूनअखेर करार संपण्याची वाट पाहून सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे ताब्याच्या अशा अर्जांवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, स्वतः अर्ज करण्याचा होता, आणि पाचवा तोच अर्ज वकिलामार्फत करण्याचा.

पहिला निर्णय: अर्ध्या तासाचा सल्ला

नव्या कराराचा मसुदा तयार होता आणि ऑनलाइन नोंदणीला लागणाऱ्या अंगठ्याच्या ठशासाठी माणूस घरी येण्याची वेळही ठरली होती. त्याआधी, ओळखीतल्या एका माजी विद्यार्थिनीच्या आग्रहावरून, बाई एका वकीलबाईंना भेटल्या. या भेटीची फी २,००० रुपये होती. संपूर्ण प्रकरणात सर्वांत जास्त मोल याच पैशांना आले.

वकीलबाईंनी आधी करार वाचला आणि मग बाईंनी रेघी कागदावर स्वतः लिहून आणलेले पत्र वाचले. पत्रात "माझे भाडेकरू" आणि "थकलेले भाडे" असे शब्द होते. पेन्सिलीने त्यांनी ते खोडले आणि वर "परवानाधारक" व "परवाना शुल्क" असे लिहिले. बोलताना आपण सगळ्यांना भाडेकरू म्हणतो. पण कायद्यात भाडेकरूला मिळणारे संरक्षण आणि परवानाधारकाची स्थिती यांत मोठे अंतर आहे, आणि मालकाच्या स्वतःच्या सहीचे पत्र उद्या समोरचाच पुरावा म्हणून दाखल करू शकतो.

नव्या कराराविषयी त्यांचे मत स्पष्ट होते. निवासासाठी परवान्यावर दिलेल्या जागेचा ताबा मुदत संपल्यावर मिळवण्याचा जलद मार्ग अधिनियमाच्या कलम २४ मध्ये आहे. तो मार्ग मुदत संपल्यावर खुला होतो. थकबाकी हा त्याचा आधार नाही; संपलेली मुदत हा आधार आहे. बाईंना तो मार्ग दोन महिन्यांत खुला होणार होता. नव्या करारावर ठसा उमटवला असता तर तो आणखी अकरा महिने लांबला असता, आणि मधल्या काळात शुल्क थकले तर मुदतीआधी परवाना रद्द करण्याच्या तुलनेने वादग्रस्त वाटेने जावे लागले असते. वीस हजारांच्या बदल्यात हातातले सर्वांत धारदार हत्यार टाकून देण्यासारखे ते होते.

बाईंनी करार थांबवला. मुलाला हे पटायला काही दिवस लागले.

दुसरा निर्णय: पूर्ण प्रकरणासाठी वकील नेमावा का

अर्ज स्वतः करणे शक्य होते. कलम २४ खालील अर्जाला लागणारी कागदपत्रे मोजकी असतात: नोंदवलेला करार, इंडेक्स टू (नोंदणीचा सारांश देणारा उतारा), मालकी दाखवणारा कागद, असल्यास नोटीस आणि तिची पोचपावती. अनेक मालक सक्षम प्राधिकाऱ्यासमोर स्वतः उभे राहतात. प्रक्रियाही मालकाच्या बाजूने झुकलेली आहे. कलम ४३ नुसार समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत परवानाधारकाने प्रतिज्ञापत्र करून बचावाची परवानगी मिळवली नाही, तर अर्जातील म्हणणे त्याला मान्य आहे असे धरून ताब्याचा आदेश होतो.

मग वकील कशासाठी? माझ्या मते उत्तर समोरचा माणूस काय करणार यावर अवलंबून असते. तो गप्प बसणार असेल किंवा घर सोडून निघून गेला असेल, तर साक्षर आणि चिकाटीच्या मालकाला वकिलाशिवाय निभावता येते. तो प्रतिज्ञापत्र करून लढणार असेल तर त्याच्या प्रत्येक वाक्याला कायद्याच्या भाषेत उत्तर द्यावे लागते आणि तिथे घरचा अभ्यास पुरत नाही. या प्रकरणात परवानाधारकाने नव्या कराराचा प्रस्ताव स्वतः मांडला होता, म्हणजे त्याला घर सोडायचे नव्हते आणि त्याला कोणीतरी सल्लाही देत होते. शिवाय बाईंना गुडघ्यांचा त्रास होता आणि प्रत्येक तारखेला जाणे त्यांना जमणारे नव्हते.

त्यांनी दोन वकिलांकडे चौकशी केली. एकाने ठोक रक्कम आणि प्रत्येक तारखेचे वेगळे पैसे सांगितले. आधीच्या वकीलबाईंनी टप्प्यांनुसार ४५,००० रुपये सांगितले: अर्ज दाखल करताना काही, बचावाच्या परवानगीच्या सुनावणीच्या वेळी काही आणि उरलेले ताब्याच्या वेळी. "वसुलीतून टक्केवारी घ्या," असे मुलाने सुचवले होते. बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, म्हणून त्यांनी ते नाकारले. त्या नकारामुळेच बाईंचा त्यांच्यावर विश्वास बसला. त्यांनी वकीलपत्रावर सही केली.

घेतलेली पावले

मे महिन्यात वकिलामार्फत नोटीस गेली. थकबाकीची मागणी, ३० जूनला मुदत संपत असल्याची आठवण, मुदत वाढवली जाणार नाही हे स्पष्ट विधान आणि मुदतीनंतर राहिल्यास कलम २४ नुसार दुप्पट दराने भरपाई द्यावी लागेल हा इशारा, एवढाच तिचा मजकूर होता. ताब्याच्या अर्जासाठी कायद्याने नोटीस बंधनकारक केलेली नाही. पण ती पाठवल्यामुळे "मालकीणबाईंनी मुदत वाढवली होती" या संभाव्य बचावाला आधीच उत्तर मिळाले.

जूनमध्ये परवानाधारकाने ५,००० रुपये खात्यात पाठवण्याची तयारी दाखवली. मुदतीच्या आत ती रक्कम थकबाकीपोटी घेता आली असती. मुदत संपल्यावर कोणतीही रक्कम "हक्क अबाधित ठेवून" असे लेखी कळवूनच घ्यावी, असे वकीलबाईंनी सांगितले. प्रत्यक्षात ते पैसे आलेच नाहीत.

विजेचा प्रश्न अधिक नाजूक होता. मीटर बाईंच्या नावावर, वापर परवानाधारकाचा आणि बिल थकलेले. ते भरले नाही तर पुरवठा तुटणार आणि तो मालकीणबाईंनीच तोडवला असा आरोप होणार, हे दिसत होते. बाईंनी पुढच्या काळात मिळून ११,४०० रुपये स्वतः भरले. ते अन्यायाचे वाटते आणि आहेही. पण तो खर्च योग्य होता, कारण त्यामुळे प्रकरण एकाच प्रश्नावर राहिले: मुदत संपली की नाही.

१ जुलैला ताबा मिळाला नाही. जुलैतच अर्ज दाखल झाला. त्यानंतर समन्स बजावण्यात वेळ गेला. दार दिवसा बंद असे आणि टपाल परत येई. शेवटी सप्टेंबरमध्ये वकीलबाईंचा कनिष्ठ सहकारी बेलिफासोबत (समन्स बजावणाऱ्या कर्मचाऱ्यासोबत) संध्याकाळी गेला आणि दारावर समन्स चिकटवले गेले. ही धावपळ सत्तरीच्या बाईंना झेपली नसती. वकिलाच्या फीमध्ये युक्तिवादापेक्षा अशा कामाचा वाटा किती असतो, हे बाहेरून कळत नाही.

हरकत आणि आदेश

ऑक्टोबरमध्ये परवानाधारकाने प्रतिज्ञापत्र दाखल केले. त्यात तीन मुद्दे होते. मुलाने फोनवर आणखी एक वर्ष राहण्यास सांगितले. अनामत प्रत्यक्षात १,६०,००० रुपये दिली होती. आणि स्वयंपाकघराच्या दुरुस्तीवर त्याने स्वतःचा खर्च केला होता. पहिल्या मुद्द्याला त्याने मुलाचा व्हॉट्सॲप संदेश जोडला होता: "बघू, आईशी बोलतो, राहा तोपर्यंत."

हा संदेश एप्रिलमधला होता, म्हणजे करार चालू असतानाचा. तारखेमुळे त्याचा जोर कमी झाला. कलम २४ च्या स्पष्टीकरणात असे म्हटले आहे की परवान्याचा लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जाईल. अनामतीची रक्कम आणि मुदत दोन्ही करारात लिहिलेल्या होत्या. मे महिन्याची नोटीस मुदतवाढीच्या दाव्याच्या थेट विरोधात होती. दुरुस्तीचा खर्च खरा धरला तरी तो पैशांचा वाद होता. मुदत संपल्यावर राहण्याचा हक्क त्यातून निर्माण होत नव्हता. डिसेंबरमध्ये बचावाची परवानगी नाकारली गेली आणि ताब्याचा आदेश झाला. १ जुलैपासून ताबा मिळेपर्यंत दरमहा ३६,००० रुपये भरपाईही मान्य झाली. मुदतीच्या आतली थकबाकी मात्र या आदेशात नव्हती. तिच्यासाठी वेगळा दिवाणी दावा करावा लागतो.

तिसरा निर्णय: आदेश राबवायचा की तडजोड करायची

या आदेशावर अपील नसते, पण नव्वद दिवसांत अपर आयुक्तांकडे पुनरीक्षण अर्ज, म्हणजे आदेश पुन्हा तपासण्याची विनंती, करता येतो. परवानाधारकाने जानेवारीत तो केला आणि स्थगितीही मागितली. ती मिळालेली नव्हती, पण तारीख लागली होती. आदेश अंतिम झाल्यावर तीस दिवसांत ताबा दिला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याला बळाचा वापर करून ताबा घेता येतो. म्हणजे कागदावर बाई जिंकल्या होत्या आणि घर अजून दुसऱ्याच्या हातात होते.

फेब्रुवारीत परवानाधारक स्वतः बाईंकडे आला. त्याला नवी नोकरी लागली होती. मुलीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये होती आणि ती होईपर्यंत राहू द्यावे, अशी त्याची विनंती होती. वकीलबाईंचा सल्ला विरोधात होता. आदेश हातात असताना मुदत देणे म्हणजे पुन्हा एक तारीख हुकण्याची संधी देणे, हे त्यांचे म्हणणे अनुभवाला धरून होते. बाईंनी तो सल्ला ऐकून घेतला आणि मान्य केला नाही. "परीक्षेच्या तोंडावर मी कुणाला घर बदलायला लावणार नाही," असे त्यांनी सांगितले. घर त्यांचे आणि निर्णयही त्यांचाच. वकिलाने तो मानला आणि मग त्या निर्णयाला जितके सुरक्षित करता येईल तितके केले.

तडजोड लेखी झाली. परवानाधारकाने ६०,००० रुपये आधी द्यायचे, पुनरीक्षण अर्ज मागे घ्यायचा, ३१ मार्चपर्यंत घर सोडायचे आणि किल्ल्यांसोबत आणखी ६०,००० द्यायचे. त्या बदल्यात बाईंनी उरलेली भरपाई आणि मुदतीतली थकबाकी सोडायची. तारीख चुकली तर सवलत रद्द होऊन मूळ आदेश पूर्णपणे लागू होणार होता. २८ मार्चला किल्ल्या मिळाल्या. ताबा पावतीवर मीटरचे आकडे, पंखे, गिझर आणि किल्ल्यांची संख्या लिहून दोघांच्या सह्या झाल्या.

जमाखर्च

मुदतीनंतरच्या नऊ महिन्यांचे साधे शुल्क १,६२,००० रुपये होते. अनामत वळती करून उरलेली थकबाकी २१,००० आणि वीज ११,४०० धरली तर बुडालेली रक्कम १,९४,४०० होते. तडजोडीतून १,२०,००० आले. वकिलाला ४५,००० गेले आणि पहिल्या सल्ल्याला २,०००. एकूण तोटा १,२१,४०० रुपयांचा. कागदावरची दुप्पट भरपाई ३,२४,००० रुपये होती. पण नुकतीच नोकरी लागलेल्या माणसाकडून ती वसूल करायला किती वर्षे गेली असती, याचा विचार करता सोडलेली रक्कम बाईंना जड वाटली नाही.

वकील नसता तर ४७,००० वाचले असते असे म्हणता येत नाही. वकील नसता तर एप्रिलअखेरचा तो नवा करार झाला असता.

काय वेगळे करता आले असते

फेब्रुवारीत निम्मे शुल्क आले तेव्हाच दोन ओळींचे लेखी पत्र जायला हवे होते. सहानुभूती आणि लेखी नोंद या एकमेकींच्या विरोधातल्या गोष्टी नाहीत. मुलाने आणि आईने एकाच व्यक्तीशी वेगवेगळे बोलू नये, हा दुसरा मुद्दा. तो व्हॉट्सॲप संदेश जुलैतला असता तर बचावाची परवानगी कदाचित मिळाली असती आणि पुराव्याची लांबलचक फेरी सुरू झाली असती. अनामतही तीन महिन्यांहून थोडी जास्तच होती. समन्सच्या टप्प्यापर्यंतसुद्धा ती पुरली नाही.

तिसरी गोष्ट बाईंना फार उशिरा कळली आणि ती कळवळून सांगावीशी वाटते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिलांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी सेवा मिळण्याचा हक्क आहे. शिवाजीनगरच्या न्यायालय आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला असता तर वकिलाचा खर्च टळू शकला असता. एवढेच नव्हे, तर एप्रिलमध्येच दावा दाखल होण्यापूर्वीच्या टप्प्यावर प्रकरण लोक अदालतीत नेता आले असते. तिथे झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो आणि त्यावर अपील नसते. परवानाधारक तेव्हा तडजोडीला आला असता का, हे सांगता येणार नाही, पण विचारायला खर्च नव्हता.

हे सगळे निष्कर्ष निवासी परवान्यापुरतेच घ्यावेत. हीच जागा दुकान असती तर कलम २४ चा मार्गच मिळाला नसता. आणि आत राहणारा खरोखरचा भाडेकरू असता, जसे पेठांतल्या जुन्या वाड्यांत आजही आहेत, तर कलम १५ लागू झाले असते: थकबाकीची लेखी मागणी करून नव्वद दिवस थांबायचे, मगच दावा करायचा, आणि दाव्याचे समन्स मिळाल्यावर भाडेकरूने नव्वद दिवसांत सगळी थकबाकी पंधरा टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरली, पुढे भाडे नियमित भरत राहिला आणि न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. तिथे मागणीची नोटीसच नीट बजावली गेली नसेल तर दावा पायातच ढासळतो, म्हणून अशा मालकाने पहिले पत्र लिहिण्यापूर्वीच वकिलाकडे जावे.